खाऱ्या विहिरीचं मिनरल वॉटर

६ जानेवारी १९४६
नगरला डॉक्टरांकडे गेलो. छाती ऐकली, लघवी तपासली. म्हणाले, साखर आहे, हार्टही थकलंय. गोड बंद, चालणं सुरू. आणि यंदा गड चढू नका. त्यांना कोण सांगणार, रंगपंचमीला आमच्या गावची निशाणाची उंच काठी मढीला कानिफनाथांच्या गडावर मीच नेतो! आजोबांपासूनचा मान. गावचा नियम साधा. वाटेत काठी जमिनीला टेकली, की मान चुलत घरी. चुलत घर म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ गहिनीनाथ. तो आतापासून दंड थोपटत असणार.

७ जानेवारी
येताना सर्व्हिस मोटारीत कुणाचं तरी टाकून दिलेलं इंग्रजी मासिक मिळालं. योगच! युरोपात बडे लोक मिनरल वॉटर पितात. मॅग्नेशियममुळे हार्ट मजबूत, साखर ताब्यात, चरबी गायब. या पाण्यात म्हणे साबणाला फेस येत नाही.
म्हणजे आमची माळावरची खारी विहीर! तिच्या पाण्यात साबण फेसत नाही, तुरीची डाळ शिजत नाही. आणि लोक तिला नावं ठेवतात. उद्यापासून कोर्स.

८ जानेवारी
पहाटे विहिरीवर गेलो. बरीच लांब. तांब्याभर प्यालो. चव गंजक्या पत्र्याची. परतताना तीनदा बांधाआड बसावं लागलं. मिनरल लगेच कामाला लागलं. मनकर्णा म्हणाली, "आवं, पोट बिघडलंय तुमचं." बायकोला सायन्स कसं समजवावं?

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ खाल्ला. जरा जास्त. पोटात मॅग्नेशियम असताना तिळगुळाची काय बिशाद!

२ फेब्रुवारी
कमाल! धोतर सैल. माळ चढताना दम नाही. सगळा पाण्याचा गुण. मनकर्णा म्हणाली, "पान्याचा कशाचा, चालन्याचा गुण हाय." हसून सोडून दिलं.

४ फेब्रुवारी
एक चूक लक्षात आली. अर्धी सकाळ चालण्यात फुकट जाते. पाणीच घरी आलं तर डोस वाढवता येईल. बाबाजान गाढवांवरून वाळू वाहतो, तो येताना घागरी आणणार. म्हणाला, "आबासाहेब, ह्ये पानी माझं गाढव सुदिक पीत न्हाई." म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय! आता कोर्स पलंगावर पडल्या पडल्या.

१८ फेब्रुवारी
चवीसाठी पाण्यात गूळ घालतो. गुळात लोह असतं, म्हणजे तेही मिनरलच. धोतर पुन्हा घट्ट. खाऱ्या पाण्यात धुतल्यानं आटलं असावं.

१० मार्च
गहिनीनाथ आला. म्हणाला, "दादा, यंदा काठी माझ्याकडं द्या. मान काय जिवापरीस म्होटा हाय का?" लबाड. त्याला घालवायला दारापर्यंत गेलो तर दम लागला. रागामुळे.
तो गेल्यावर मनकर्णा चुलीपाशी डोळे पुसत होती. लाकडं ओली असावीत.

२२ मार्च, रंगपंचमी, पहाटे
आज डबल डोस. थेट गडाच्या माथ्यावरच थांबणार.

२३ मार्च
काठी टेकली नाही. हे आधी लिहून ठेवतो.
सुरुवातीच्या पायऱ्या झोकात चढलो. मग छातीत ढोल वाजायला लागला. मग पोटात. डोळ्यांपुढे अंधार आला, हात सुटले. तेवढ्यात गहिनीनाथानं काठी वरच्यावर झेलली. कानात म्हणाला, "सोडा दादा. कुनी बगितलं न्हाई." सगळ्यांनी बघितलं होतं.
चौघांनी उचलून खाली आणलं. गर्दीत बैलगाडी शिरेना. मढीला गाढवांचा बाजार भरलेला, तिथं बाबाजान भेटला. त्यानं मला गाढवावर बसवलं. अंगभर रंग, खाली गाढव. पोरांना वाटलं धिंड निघाली. ती डबडी वाजवत मागे. मनकर्णा गाढवाबरोबर चालत होती, एका हातानं मला धरून, दुसऱ्यानं पोरांना हाकलत. म्हटलं, यंदा गड उंच झालाय. ती म्हणाली, "व्हय. लई उंच झालाय." उतरल्यावरही तिनं माझा हात सोडला नाही. चालून थकली असेल.
गावात गहिनीनाथ सांगत फिरतोय, दादानं पटका बांधायला घटकाभर काठी माझ्याकडं दिली. मान आमच्याच घरी राहिला. त्याला मी लबाड का लिहिलं, आठवत नाही.

२६ मार्च
सकाळी मनकर्णा म्हणाली, "चला, विहिरीवर जाऊन येऊ. पानी प्यायचं न्हाई. नुसतं बघून यायचं." सावकाश गेलो. वाटेत दोनदा टेकलो. ती दोन्ही वेळा माझ्याआधी टेकली, म्हणाली, मलाच दम लागलाय.
विहिरीवर बाबाजानचं गाढव उभं होतं. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड फिरवलं.
मीही फिरवलं.
मनकर्णा हसली. किती दिवसांनी.