विटांवर रंगवलेली खिडकी

थॉर्नकोट हॉल
१४ मार्च १८४६

लाडक्या आईला फिलिपाचे खूप पापे,

मी मजेत आहे. तुझा खोकला थांबला का? बाबा अजून कुत्र्यांना टेबलापाशी बसवून भरवतात का?

परवा सासूबाई गेल्या एकदाच्या. देवाघरी नव्हे, बागेच्या टोकाच्या धाकट्या घरात. सासरे वारले आणि मुलाची बायको आली, की आईनं मोठं घर सोडून तिकडे राहायचं, ही इथली रीतच आहे.

पोचवायला मीच गेले. त्या घराच्या दर्शनी भिंतीत चार खिडक्या दिसतात, पण त्यातली एक विटांनी बुजवून वर काचा नुसत्या रंगवल्या आहेत. नेमकी आमच्या मोठ्या घराकडे तोंड असलेली.

"सूनबाई, एवढी एक खिडकी फोडून दे गं," त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या माझं घर तरी दिसेल."

"पण ती बुजवली कुणी?" मी विचारलं. मला ठाऊक होतं. नव्या नवरी असताना त्यांनीच बुजवून घेतली होती. त्यांची सासू तिथं बसून पाहुण्यांकडे टक लावून बघायची म्हणून.

त्या हातमोज्यांची बटणं लावू लागल्या.

"असू द्या की," मी म्हटलं. "बाहेरून किती शोभते. तुमची आवड पहिल्यापासूनच चांगली."

अँब्रोजला यातलं काही सांगितलं नाही. त्याला आईचा फार पुळका.

बाळ आता पोटात लाथा मारतं. इथं सगळ्यांना मुलगाच हवाय. मलाही हवा होता, त्या खिडकीसमोर उभी राहीपर्यंत.

तुझीच,
फिलिपा