बरणीतले ढालकिडे

९ मार्च

"केडुंगसारीच्या मंडळींनो, बांधावरचं तण विळ्यानं काढता काढता आपल्या सगळ्यांची कंबर मोडलीय!" – सभेत सुरुवातच अशी केली. मग बरणी वर धरली. मी शेतकऱ्यांसाठी चालवतो त्या कीटक-शाळेची रीतच ती – शंका आली की किडा बरणीत घाला आणि बघा. काल ढालकिड्यांवर तणनाशक फवारलं होतं. आज सगळे टुणटुणीत. "भात करपवणारे तुडतुडे खाणारे हे आपले मित्र याने मरत नाहीत. बांधावर खुशाल फवारा." टाळ्या थांबेनात.

शेजारची सारिंतेन मागून म्हणाली, "दादा, तुमच्या बोलण्यानंच अर्धं तण जळालं."

२७ मार्च

सारिंतेननं चारही बांध फवारले. बाकीच्यांनी निम्मे बांध फवारून पंप खाली ठेवला.

१८ एप्रिल

सारिंतेननं हाक मारून शेतात नेलं. भाताच्या चुडांच्या बुंध्याशी तुडतुड्यांचा थर. वर ढालकिडे. "हे बघा तुमचे मित्र. पंगतीला बसलेत, पण ताटाला हात लावत नाहीत." हसली. मला हसू आलं नाही.

१९ एप्रिल

दोन बरण्या. एकीत तिच्या बांधावरचे पाच ढालकिडे, दुसरीत कब्रस्तानाच्या कडेचे पाच – तिथं कोणी फवारत नाही. तीस-तीस तुडतुडे सोडले.

संध्याकाळी कब्रस्तानाच्या बरणीत चार तुडतुडे उरले. तिच्या बरणीत पंचवीस.

२६ एप्रिल

तीनदा करून पाहिलं. तेच. कब्रस्तानाच्या बरणीत पानावर ढालकिड्यांच्या पिवळ्या अंड्यांचे झुबके, तिच्या बरणीत पान कोरं.

किडे मरतात का, एवढंच मी विचारलं. जेवतात का, अंडी घालतात का – विचारलंच नाही. कपाटभर पुस्तकं वाचली, प्रश्न विचारा म्हणून गावोगाव ओरडत फिरलो, आणि स्वतः पहिल्याच प्रश्नाला थांबलो. टाळ्यांची घाई होती.

६ मे

तिचं शेत करपलं. वर्षाचं खायचं भात.

तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ती टेम्पे, सोयाबीनच्या वड्या, तळत होती. झारा थांबला नाही. "बाकीच्यांनी तुमचं अर्धंच ऐकलं दादा, म्हणून त्यांचं भात उभं आहे. मीच मेली सगळं ऐकत बसले."

७ मे

भाषण लिहायला बसलो. एक ओळ नाही.

११ मे

सारिंतेन सकाळच्या बसनं सुराबायाला गेली, लोकांकडे घरकामाला. जाताना तिचा विळा माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली. तिच्या बांधावर तण परत उगवलंय.

आज सभेत सांगायचं ते इतकंच – मंडळींनो, चूक माझी. पंप घरी ठेवा आणि उद्या उजाडताच विळे घेऊन सारिंतेनच्या बांधावर या.