बैलांपुढे उतरायचं कुणी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायचं म्हटलं तरी नीट बसून आठवावं लागतं. आज दुपारी घरात कुणी नाही, म्हणून बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा सगळा गाव तुमच्याबद्दल चांगलंच बोलला. ओव्हरसियर साहेब किती शिस्तीचे, संस्थानच्या रस्त्यांवर खडी कशी मोजूनमापून टाकून घ्यायचे, खड्ड्यात पाणी दिसलं की मुकादमाची कशी खरडपट्टी काढायचे. मी मान डोलावत बसले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. त्यात फायदा कुणाचा असतो हे मला फार उशिरा कळलं.

फटफटी तुम्ही पुण्याच्या लष्कर भागातून आणलीत, विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्याकडून. ती दारात आली तेव्हा आई भाकरतुकडा घेऊन बाहेर आली होती. कुणाच्या डोक्यावरून ओवाळायचा ते तिला कळेना, तेव्हा तिनं तो फटफटीच्या दिव्यावरून ओवाळून टाकला आणि विचारलं, "हिला खायला काय घालायचं?" तुम्ही म्हणालात, पेट्रोल. "मग आपले बैल काय वाईट होते," आई म्हणाली, "ते शेण तरी देतात." तुम्ही हसलात. तेव्हा तुम्ही आईच्या बोलण्यावर हसत होतात, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ते लिहायची वेळ यायची नाही.

टाकीवर घोंगडीची घडी घालून तुम्ही मला पुढे बसवायचात. भोर सुटलं की कापूरहोळपर्यंत तोंडावर वारा, डोळ्यांत पाणी, आणि परकर गुडघ्याखाली दाबून धरलेला. माझ्या वयाच्या मुली तेव्हा घागर घेऊन नदीवर जात होत्या आणि मी झाडं मागे पळताना बघत होते. तुम्ही मला रस्ता वाचायला शिकवलंत. माणसाकडे बघू नकोस, बैलाच्या कानांकडे बघ, म्हणायचात. कान पुढे असले तर बैल नुसता ऐकतोय. कान मागे चिकटले की तो आता उधळणार, तिथं आपण गप्प व्हायचं, मशीन बंद करायचं आणि पाय टेकायचे. मी शहाण्या मुलीसारखी कान बघायची. तुम्हाला सांगायची. सुरुवातीला तुम्ही थांबायचातही.

तेव्हा रस्ता बैलांचा होता आणि फटफटीचा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. म्हणून आपोआप एक रीत पडली. लांबून फटफट ऐकू आली की गाडीवान खाली उडी मारायचा, बैलांच्या पुढ्यात उभा राहायचा, दोघांच्या वेसणी धरून त्यांची तोंडं शेताकडे वळवायचा आणि आपण जाईपर्यंत त्यांच्याशी काहीतरी बोलत राहायचा. आधी तुम्ही वेग कमी करून त्यांना रामराम घालत होतात. मग तुमच्या लक्षात आलं की ते उतरतातच. उतरतातच म्हटल्यावर थांबायचं कशाला? लांबूनच तो रबरी भोंगा दाबायचा, की बाजाराला निघालेल्या गाड्यांच्या रांगेतून एकेक माणूस टपाटप खाली. कुणी पेंगत असलेला दचकून चिखलात पडायचा, कुणाचं पागोटं चाकाखाली जायचं. तुम्ही म्हणायचात, "बघ, अख्खा रस्ता कसा खाली उतरतो." त्या वाक्यातला आनंद मला अजून ऐकू येतो. इतका आनंद मी तुम्हाला कुठल्याच सणाला झालेला पाहिला नाही.

आपला गाडीवानही तुमच्याच वळणाचा. वेल्ह्याकडच्या डोंगरातला, उंच, तोंडाचा फटकळ. आपला छकडा आणि ती पांढरी जोडी हाकताना तो समोरच्या गाड्यांना बाजूला काढायचा, "सायबाची गाडी हाय, दिसत न्हाई व्हय?" म्हणून. घरी आल्यावर तो हे आम्हाला रंगवून सांगायचा आणि तुम्ही ओसरीवर बसून ऐकायचात. तुम्हाला तो आवडायचा. दोघांच्याही मानेत एकच खुंटा होता.

त्या वर्षी आई भाऊबीजेला आंबवड्याला मामाकडे गेली होती. ती परत येणार त्या दिवशी तुम्ही म्हणालात, चल, तिला वाटेत गाठू. मी टाकीवर बसते. रस्ता भरलेला आहे. धनगर कोकणात उतरायला निघालेले, मेंढरांचे कळप, त्यांच्या मागे तट्टं, तट्टांवर भांडी, कोंबड्या आणि दोरीनं बांधलेली तान्ही पोरं. एक म्हातारा धनगर हात वर करून ओरडतो, "हळू मालक, पोरं हायती." तुम्ही भोंगा दाबता. मेंढरं एकमेकांच्या पोटात डोकी घालतात आणि आपण कडेनं निघून जातो. पुढे ओढ्याचा उतार, एका बाजूला कळप, दुसऱ्या बाजूला कडा, आणि समोरून पांढरी जोडी चढ चढत येते. "आपलीच गाडी," तुम्ही म्हणता, आणि माझ्याखाली मशीन एकदम जोरात गुरगुरतं. गाडीवानानं आपल्याला ओळखलेलं आहे. तो हसतोय, मला त्याचे दात दिसतात. तो उतरत नाही. मी कान बघते. चारही कान मागे गेलेले. मी ते तुम्हाला सांगते, ओरडून सांगते, पण तुम्ही गाडीवानाकडे बघत असता, आता उतरेल, आपलाच माणूस आहे, उतरेलच.

छकडा ज्यावरून कोसळला तो कडा काही फार उंच नव्हता. चाक मोडलं, जू मोडलं, आणि आई छकड्याच्या खाली गेली. बैल दहा पावलांवर जाऊन शांत उभे राहिले, जसं काही झालंच नाही. धनगरांच्या बायकांनी आईला घोंगडीवर घेतलं. ती ओरडत नव्हती, माझे पाय कुठे आहेत, एवढंच मला विचारत होती. तुम्ही गाडीवानाची बंडी धरलीत.

"उतरला का नाहीस?"

"तुमी हायसा म्हनून न्हाई उतरलो, सायेब," तो म्हणाला. "दुसरं कुनी असतं तर कवाच उतरलो असतो."

तुम्ही त्याच्या तोंडात दिलीत. त्यानं गाल पुसला आणि सगळ्या धनगरांसमोर विचारलं, "आन तुमी का न्हाई थांबला?" तेव्हा तुम्ही वाकून फटफटीचं पुढचं चाक बघत होतात. त्याला काही झालं नव्हतं.

पुण्याहून डॉक्टर आणला. तो आईच्या तळपायांना सुई टोचत होता आणि ती छताकडे बघत होती. कंबरेखालचं सगळं गेलं होतं. गाडीवानाला तुम्ही काढून टाकलंत आणि कचेरीत, देवळात, वाण्याच्या दुकानात, विचारेल त्याला सांगितलंत की तो पेंगत होता. तो पेंगत नव्हता अण्णा. तो हसत होता. मी घरात हे म्हणाले तेव्हा तुम्ही मला एवढंच म्हणालात, "लहान आहेस." फटफटीवर त्यानंतर मला कधी बसवलं नाहीत.

आईला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं. तिनं ते मागूनही बघितलं. "अहो, माझी चूक झाली, एवढं एकदा म्हणा. मी काय तुमच्यावर फिर्याद करणार आहे?" तुम्ही विचारलंत, औषध घेतलंस का. पुन्हा मागितलं. तुम्ही विचारलंत, उशी उंच करू का. मग आई बदलली. लोक तिला सोशिक म्हणायचे. लोकांनी तिची खोली कधी आतून पाहिली नव्हती. तिनं फर्मान काढलं की त्या यंत्राचा आवाज तिच्या कानावर पडता कामा नये. आणि तुम्ही ऐकलंत. रोज सकाळी डोक्यावर टोपी, अंगात कोट, आणि ती जड फटफटी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत, तिथून चौक ओलांडून पार नदीच्या बाजूला. उन्हाळ्यात घामानं कोट पाठीला चिकटायचा. दुकानदार खाली बघून हसायचे. ज्या माणसापुढे अख्खा रस्ता उतरत होता तो माणूस आता रोज सगळ्यांसमोर उतरलेला. तुम्हाला वाटत होतं एवढ्यात भागेल. आई मला म्हणायची, आणि तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "ढकलून काय होतंय? बोलायला पेट्रोल लागत नाही."

आणि गाडीवानाचं काय झालं ते तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो पुण्याला जाऊन मोटार चालवायला शिकला आणि थेट भोरच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर येऊन बसला. कापूरहोळच्या रस्त्यावर तुम्ही मागे आलात की तो बरोबर मधोमध गाडी घ्यायचा. तुम्ही भोंगा दाबत बसायचात, तो मैलच्या मैल बाजू द्यायचा नाही. लढाईच्या दिवसांत ती मोटार कोळशावर चालायला लागली, तेव्हा धुळीच्या जोडीला धूरही. कापूरहोळच्या हॉटेलात चहा पिताना तो म्हणायचा, "आमाला मागचं कायबी दिसत न्हाई बगा." तुम्ही घरी यायचात ते भुवयांपासून मिशांपर्यंत पांढरे होऊन. आई बिछान्यातून मला हाक मारायची, "अगं, त्यांना आरसा दाखव." आणि हसायची. त्या सगळ्या वर्षांत आई फक्त तेवढ्यालाच हसली. मी आरसा आणायची. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. तुम्ही तोंड धुवायचात, पाट घ्यायचात आणि मुकाट्यानं जेवायचात. सुंभ जळून राख झाला, पीळ तसाच.

पुढे कुपनावरही पेट्रोल मिळेना आणि फटफटी गोणपाटाखाली गेली. आईच्या पाठीला जखमा झाल्या, त्या भरून येईनात. मी सासरहून आले होते. तुम्ही तिच्या पायाशी बसून तिचे पाय चेपत होतात, तिला तिथं काही जाणवत नाही हे माहीत असून चेपत होतात, आणि मी दाराशी औषध खलत होते. आई म्हणाली, "आता तरी." मी खलबत्ता थांबवला, कारण मला वाटलं आता ते येतंय. तुमचे ओठ हलले. मग तुम्ही म्हणालात, "तो उतरला असता तर..." आईनं भिंतीकडे तोंड केलं. ती पुन्हा इकडे वळली नाही.

ती गेल्यावर तुम्हाला रडताना मी बघितलं, आणि मला तुमची दया आली नाही. तुम्ही तिचे पाय वर्षानुवर्षं पुसलेत, तिला कुशीवर वळवलंत, तिच्या तोंडचं सगळं ऐकून घेतलंत. दुसऱ्या नवऱ्यानं दुसरी बायको केली असती, हे मला सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंही आहे. पण ती तुमच्याजवळ जे मागत होती ते सोडून तुम्ही तिला बाकी सगळं दिलंत. तापात तुम्ही गेलात तेव्हा मी उशाशी होते. वाटलं, आईला नाही तर मला तरी म्हणतील. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "फटफटीवर गोणपाट आहे ना?" मी म्हटलं, आहे. झालं. एवढंच आपलं शेवटचं बोलणं.

हे सगळं लिहिताना मला वाटत होतं की शेवटी तुम्हाला चांगलं सुनवावं. पण गेल्या आठवड्यात माझ्या नातवानं मोटारसायकल आणली. मी कुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याला म्हटलं, जनावराच्या कानांकडे बघत जा. तो म्हणाला, आजी, आता कुठली जनावरं, आता नुसते टेम्पो. आणि मग म्हणाला, बसतेस का, चौकापर्यंत. सून नको नको म्हणत होती. गुडघे धरून, दोघांचा आधार घेऊन, मी बसले. समोरून एसटी आली, रिक्षा आडव्या आल्या, नातू त्यांच्या फटीतून निघाला आणि तोंडावर वारा लागला. चौकाला वळसा घालून घरी आलो. त्यांनी मला उतरवून खुर्चीत बसवलं आणि सुनेनं पाणी आणलं.

अण्णा, आई मला त्या खुर्चीत बसल्यावर आठवली. मागे बसले होते तोवर एकदाही नाही.