दोन्ही बाजू काळ्या

४ सप्टेंबर १९८०

हरलो! टेबल टेनिसमध्ये, ड्रॉइंग ऑफिसातल्या त्या विलासकडून, आणि तेही २१-९. गुरुवारची सुट्टी, कंपनीचा हॉल भरलेला — सगळ्यांसमोर नाक कापलं गेलं. त्याच्या बॅटला दोन्ही बाजूंना काळंच रबर, भावाने जपानहून आणलेलं. एका बाजूने मारला की चेंडू गरगर फिरतो, दुसऱ्या बाजूने मेल्यासारखा येतो. टेबलाखाली बॅट उलटी करून घेतो लबाड! कुठली बाजू आली ते कळणार कसं? नियमात बसतं म्हणे.

वेल्फेअरच्या पेंडसेसाहेबांनी मात्र जाताना खांद्यावर हात ठेवला. "दिवाळीनंतर हॉलवर प्रशिक्षक नेमायचाय. कामगारांच्या पोरांना तू शिकवतोसच. बघू." चौदा वर्षं हॅमर शॉपमध्ये घालवली. लाल लोखंड आणि वरून आदळणारे ते राक्षसी घण. सुटलो तर देव पावला!

११ सप्टेंबर

पोरांना सर्व्हिस शिकवली. तळहात सपाट, बोटं मिटायची नाहीत. चेंडू आधी आपल्या बाजूला, मग पलीकडे. जाळीला घासून गेला तर 'लेट' — सर्व्हिस पुन्हा. पाच एकाच्या, पाच दुसऱ्याच्या.

हल्लीच्या पोरांना आवाजच नाही! गुण नुसते पुटपुटतात. शुभदा सगळ्यात हुशार, पण तिलाही पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं, "मोठ्याने बोल गं, जेवली नाहीस का?" पोरं हसली. कशाला ते कळलं नाही.

१८ सप्टेंबर

शेवटी लाज सोडून विलासलाच विचारलं. "आवाजावरून ओळखायचं, काका. एक बाजू टक् वाजते, दुसरी थप्प. सगळे तसंच ओळखतात." वाटलं, थट्टा करतोय. बॅट मागून काळेवाडीला घरी आणली.

बायकोला, इंद्रायणीला म्हटलं, माझ्या पाठीमागे उभी राहा आणि बॅटवर चेंडू आपट, आधी ही बाजू, मग ती. मी भिंतीकडे तोंड करून उभा. बाई सुरूच करेना. चिडून वळणार, तेवढ्यात तीच समोर आली.

"आवं, कवाधरनं वाजवतीय मी! येक टकाटका वाजती, येक मऊ. तुमास्नी न्हाई व्हय कळत?"

लक्ष नव्हतं, असं खोटंच सांगितलं. ती भाकऱ्या थापायला बसली. मी दारात उभा राहून तिचे हात बघत होतो. थापण्याचाही आवाज नाही.

२ ऑक्टोबर

कुणाला कळू द्यायचं नाही. दिवाळीपर्यंत डोळ्यांवर भागवायचं. बोलणाऱ्याचे ओठ बघायचे. जाळीची वरची पट्टी बघायची — हलली की लेट. कान गेले तर गेले, जागा जाता कामा नये. फार भीती वाटते.

९ ऑक्टोबर

आज एकदाही चुकलो नाही!

१३ नोव्हेंबर

साहेब स्वतः बघायला आले. सामना पोरींचा, अंपायर मी. शुभदाने सर्व्हिस केली, चेंडू पलीकडे पडला आणि दोघीही थांबल्या. पट्टी हलली नव्हती, नक्की!

"थांबलात का? खेळा!" मी ओरडलो.

"काका, लेट. जाळीला लागला."

"लागला असता तर मला ऐकू आलं नसतं का?"

सगळी माझ्या मागे बघायला लागली. वळलो तर साहेब हातभर अंतरावर उभे. केव्हापासून हाका मारत होते कोण जाणे. उद्या कंपनीच्या डॉक्टरांना कान दाखव, म्हणाले. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. सायकलवर रडू आलं.

१४ नोव्हेंबर

डॉक्टर मागे जाऊन काहीतरी बोलले. मी आपला "हो, हो" म्हणत राहिलो. नंतर समजलं, ते आकडे म्हणत होते. ते मी परत म्हणून दाखवायचे होते.

२० नोव्हेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बसवून चहा मागवला. मला कळावं म्हणून ओठ सावकाश हलवत होते. "हॉलला कान लागतात, सदाशिव. हॅमर शॉपला लागत नाहीत. तिथे तू फिट आहेस."

घरी आलो तर इंद्रायणीने दारातच काहीतरी विचारलं. उद्या पहिली शिफ्ट आहे, डबा लवकर कर, एवढंच म्हणालो.