पाटावरचा भाऊ

टेकाडी,
१५ जुलै १९६३

ती. शालिकदादास,
आनंदीचा सा. न. वि. वि.

आम्ही सारे खुशाल. माझं लग्न होऊन वर्ष झालं, पण तू एकदाही माझ्या सासरी आला नाहीस. बैहरच्या पहाडात बसून पाऊस मोजायची नोकरी तुले काहून मिळाली, हे माझ्या सासूबाईले अजून समजून नाही राह्यलं. त्या म्हणतात, पडते ते पानी पडते, बाटलीत भरून त्याले काय पाहाचं?

इकडे तीन दिवस झाले, थेंब नाही. नाला घोट्याएवढा. गुरुवारी नाल्यापलीकडच्या बांधीत धानाची रोवणी आहे, बारा बाया सांगितल्या. तू आला त वडे करीन, नाही त तुझी बाटली तुले लखलाभ.

माया आहेच, ती आटू देऊ नको.
तुझी आनंदी


बैहर,
१८ जुलै १९६३, सकाळचे सव्वाआठ

चि. सौ. आनंदीस अ. आ.

घाईत लिहितो. पत्र बसच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो. कालपासून आज आठपर्यंत इथे नऊ इंच पाऊस पडला. पंधरा दिवसांच्या झडीनं डोंगराची माती आधीच पिऊन तट्ट झाली आहे, आता तिच्यात काही मुरत नाही. उतार उभा, खाली खडक. इकडचे सारे झरे शेवटी तुमच्याच नाल्यात उतरतात, दुपारपर्यंत ते पाणी तिथे पोचेल. तुमच्याकडे आभाळ निवळ असलं तरी त्याच्यावर जाऊ नको. सासूबाई रागावल्या तरी चालेल, एकाही बाईले नाला ओलांडू देऊ नको.

तुझं उत्तर येईपर्यंत घास उतरणार नाही.
शालिकराम


टेकाडी,
२० जुलै १९६३

ती. दादास सा. न.

पोटभर जेव. बाराही बाया सुखरूप आहेत.

तुझं पत्र अकराच्या बसनं आलं तवा बाया रोपं उपटून, पदर खोचून निघाल्या होत्या. ऊन कडक. मी पत्र वाचून दाखवलं, त सासूबाई म्हणाल्या, बाटलीवाल्याच्या भरवशावर रोवणी थांबवू काय? मग मले एकच सुचलं. सुनेचा भाऊ पहिल्यांदा दारी आला की त्याले वडे खाऊ घातल्याशिवाय या घरचं कोणी कामाले जात नाही. मी पाट मांडला, त्याच्यावर तुझं पत्र ठेवलं, न म्हटलं, "भाऊ आला."

बाया हसून हसून लोटपोट. सासूबाई फणफणल्या, पण रीत मोडतील कशा? कढई चढली. दुसरा घाणा निघत होता, तवा पहाडाकडून गडगड ऐकू आली. आभाळ कोरडं, न नाला मोडलेले बांबू घेऊन धावत आला. बाया उतरणार होत्या तिथं दोन पुरुष पानी! मग सासूबाई आत गेल्या न तुझ्या पत्रासमोर गरम वडा ठेवला. दादा, तवा मी रडली.

आता त्यांनीही एक बाटली ठेवली आहे, पण ओरीखाली, छपराचं सारं पानी गळते तिथं. काल सर आली न ती घडीत भरली, म्हणून गावभर सांगत फिरल्या की बैहरपेक्षा इथंच जास्त पडला. नाला उतरला, रोवणी सोमवारी आहे.

पोळ्याले नक्की ये. सासूबाईंचा निरोप आहे, आता पाटावर कागद चालणार नाही, माणूस पाहिजे.

तेलाचे डाग पडलेलं तुझं पत्र जपून ठेवणारी,
आनंदी