हिरवा थेंब

मंगळवार, ग्लासगो

हारुकाने घडवलेला वाडगा फोटोसाठी घरी आणायची अवदसा मला का आठवली? उद्या तो आमच्या गॅलरीत लागायचा होता. राखेच्या जुन्या जपानी ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या चकचकीत लेपात, ती इथल्या फुटक्या बाटल्यांची पूड मिसळते. म्हणून काठावर हिरवा थेंब गोठलेला, थेट बांगडीची काच.

दुपारी नवऱ्याचा, रोहनचा, मेसेज: ‘आईने तुझ्या बाउलमध्ये काहीतरी वाढलंय.’ ट्रेनमध्ये एकच धास्ती. थेंबाखालच्या बारीक भेगांत आमटीची हळद मुरली तर?

घरी आले तर टेबलावर तुकडे.

“आई, फुटला म्हणून सांगायचं ना.”

सासूबाईंनी मान वर केली नाही. “रोहनला सांगितलं की, वाडगा वाढला म्हणून. हिरवी काच ती. फुटली कसं म्हणू गं?”

बांगडीला म्हणतात तसं म्हणाल्या त्या. रोहन इथे जन्मलेला, त्याला वाढणं फक्त ताटातलं माहीत. चिडू तरी कोणावर?

थेंब तेवढा अखंड राहिलाय. पण उद्या हारुकाला इंग्रजीतच सांगायचंय, आणि तिथे ‘फुटला’ला दुसरा शब्द नाही.