माशांचं सलून आणि माझी कवळी

तीर्थस्वरूप दादांस,

कोपरापासून नमस्कार. (तुम्ही वयाने माझ्याहून थोडे लहान आहात हे मी विसरलेलो नाही. पण बायकोचा थोरला भाऊ नात्याने थोरच, आणि तुमची बहीण या क्षणी माझ्या खांद्यावरून पहिली ओळ वाचते आहे.)

तुमची पाठ कशी आहे? दिवसभर वाकून लोकांचे दात घडवायचे म्हणजे मणक्यांचे हालच. मागे भेटलो तेव्हा तुमच्या भुवयांत प्लास्टर अडकलं होतं आणि वहिनी ते नखाने टोकरून काढत होत्या. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, की हा माणूस कामात बुडालेला आहे, याला विनाकारण त्रास देणं पाप. तेव्हा हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, असं समजूनच वाचावं. आम्ही उभयता लेकीकडे सुखरूप आहोत. ‘सुखरूप’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे. ‘सुंदररूप’ म्हणण्यासारखी परिस्थिती सध्या नाही. ते पुढे येईलच.

बारकीचं घर समुद्राला इतकं लागून आहे, की वाळत घातलेला टॉवेल परत घेताना मिठामुळे फळीसारखा ताठ लागतो. (ती आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण बारकी नाव पडलं ते पडलं.) जावईबापू बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बाजूला स्पार्क प्लग असतो आणि सवयीने आपण तोही पुढे सरकवतो. बारकीची नोकरी म्हणजे पाण्याखाली जाऊन मासे बघायचे, मोजायचे आणि ते काय करतात हे वर येऊन सांगायचं. माझ्या सलूनमध्ये कुणी विचारलं, की मी आजवर ‘ती सरकारी आहे’ एवढंच सांगून पुढे कानावरचे केस कापायला घ्यायचो. यावेळी मात्र तिने हट्टच धरला. म्हणाली, “बाबा, तुम्ही एकदा खाली डोकं घालून बघा. तुमच्याच धंद्यातलं आहे.”

आता समुद्राच्या तळाशी केशकर्तनालय कशाला असेल, हे तुम्हीही विचाराल. मीही विचारलं. ती म्हणाली, चला. मग मला एक काळा रबरी पोशाख घालण्यात आला. (घालण्यात आला म्हणतो, कारण त्यात माझा सहभाग फारसा नव्हता. जावईबापूंनी दोन्ही पाय धरले, तुमच्या बहिणीने पोट आत ढकललं आणि बारकीने चेन ओढली. उशीला अभ्रा घालताना आपण उशीला काही विचारत नाही, तसंच.) डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी, पायांत बदकाचे पंजे आणि बगलेत तरंगायला लाल कडं. किनाऱ्यावरून पाण्यात जाताना एक कुत्रा माझ्याकडे बघून भुंकला नाही, नुसता उठून गेला. ते मला जास्त लागलं.

पण दादा, खाली डोकं घातलं आणि मी गप्प झालो. (तोंडात नळी होती हे खरं, पण नसती तरी झालो असतो.) खाली प्रवाळाची अख्खी वसाहत. कुठे फुलकोबीसारखे गड्डे, कुठे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, कुठे जेवणाच्या टेबलासारखी सपाट पसरलेली थाळी. आणि त्यात मासे असे काही रंगवलेले, की रंगवणाऱ्याला डबे संपवायचेच होते. पोपटमासे दगड कुरतडत होते आणि त्यांचा कुरकुर आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. एक तर खाता खाता मागून बारीक वाळू सोडत चालला होता. ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर बसून आम्ही आदल्याच दिवशी डबा खाल्ला होता, तिच्यातली बरीचशी अशीच तयार होते असं बारकीने नंतर सांगितलं. मी तुमच्या बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

बारकीने माझा हात धरून मला पुढे नेलं. ती पाण्यात कशी चालते, दादा, काय सांगू. घरात तिचा पाय दर चौकटीला लागतो. तिथे मात्र एवढ्या अडचणीच्या प्रवाळातून ती दोऱ्यासारखी निघून जाते, एका फांदीलाही धक्का लागत नाही. माझा हात तिच्या हातात होता आणि मी तिच्या मागे कड्यासकट हेलपाटत होतो. असा कुणाचा हात धरून जायची वेळ माझ्यावर शाळेच्या पहिल्या दिवसानंतर आली नव्हती. मग तिने एका जागी थांबून बोट दाखवलं आणि तिथे खरोखरच सलून होतं.

मालक म्हणजे बोटाएवढा निळा मासा, अंगावरून काळा पट्टा गेलेला. रॅस म्हणतात या जातीला. हा त्यातला सफाई करणारा. प्रवाळाच्या एका गड्ड्यापाशी त्याचं दुकान, आणि समोर गिऱ्हाइकं ओळीने उभी. त्यांच्यात असेही मासे होते, की एरवी त्याला एका घासात गिळतील. पण खुर्चीत बसल्यावर मोठमोठे गृहस्थ जसे वस्तऱ्यापुढे मान देतात, तसे ते आ करून स्थिर. हा पठ्ठ्या त्यांच्या जबड्यात शिरतो, दातांतलं किडूकमिडूक खातो आणि कल्ल्यातून बाहेर येतो. गिऱ्हाईक उतावीळ व्हायला लागलं, की पाठीवर बसून परांनी मालिश करतो. मालिश, दादा. आपल्या धंद्यात याला वेगळी कला मानतात, आणि इथे हा बिनहाताचा प्राणी ती देत होता. मध्ये एक अवाढव्य हिरवा मासा आला. हाही रॅसच, सफाईवाल्याचा लांबचा नातेवाईक. जाड ओठ, कपाळावर टेंगूळ, डोळ्यांभोवती सुरकुत्यांसारख्या रेघा. हुबेहूब आमचे जुने घरमालक. तो आला तशी बाकीची रांग सरकून बाजूला झाली. सगळीकडे सारखंच आहे.

घरी आल्यावर जेवताना बारकी म्हणाली, की हा सफाईवाला लबाडही आहे. कधीकधी अंगावरचे किडे सोडून गिऱ्हाइकाच्या कातडीवरचा चविष्ट, बुळबुळीत थरच खातो. पण बाकावर दुसरं गिऱ्हाईक बघत बसलेलं असलं, की अगदी नीट काम करतो. आमच्यातही थोडंफार तसंच असतं. याच जेवणात तिने सांगितलं, की कित्येक रॅसमध्ये एक नर आणि बाकी सगळ्या माद्या असा संसार असतो. नर गेला, की सर्वांत मोठी मादी काही दिवसांतच नर होते आणि घराचा ताबा घेते. तुमची बहीण वाढता वाढता म्हणाली, “नर जायची वाट कशाला बघतात?” जावईबापूंना ठसका लागला.

पण मी पुढे गेलो. मूळ प्रसंग परतीच्या वाटेवरचा. किनाऱ्याजवळ छातीभर पाण्यात वाळूची मोकळी जागा आहे आणि तिथे एकटाच एक प्रवाळाचा गड्डा. तिथेही असंच छोटं दुकान होतं, रांग नव्हती. बारकी जरा मागे काहीतरी बघत होती. मी वाळूत उभा राहिलो (प्रवाळावर पाय द्यायचा नाही अशी सक्त ताकीद होती आणि ती मी पाळली, हे कृपया ध्यानात घ्यावं) आणि वाकून पाण्यात तोंड घातलं. तो निळा मासा लगेच खालीवर नाचत माझ्यासमोर आला. हे आमंत्रण असतं. माझ्या मिशीपाशी येऊन त्याने दोन टोचे मारले, इतके हलके, की मी चाळीस वर्षांत कुणाच्या मिशीला असा हात लावला नसेल. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला दिलेला मान होता तो. अशा वेळी आपणही विश्वास दाखवायला हवा असं मला वाटलं. मी नळी काढली, श्वास रोखला आणि आ केला.

दादा, जगात नकली माल सगळीकडे आहे. या सफाईवाल्यासारखाच दिसणारा, तोच निळा, तोच काळा पट्टा, तसाच नाचणारा एक दुसऱ्याच जातीचा मासा असतो. तो सफाई करत नाही. गिऱ्हाईक आ करून डोळे मिटून उभं राहिलं, की तो लचका तोडून पळतो. पहिला मासा कधी गेला आणि हा कधी आला, मला कळलं नाही. त्याने माझ्या खालच्या ओठाला कडकडून चावा घेतला, मी पाण्याखाली ओरडलो (तिथे ओरडलं तर बुडबुडे होतात, बाकी उपयोग नाही), आणि त्या बुडबुड्यांबरोबर माझी वरची कवळी, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने घडवलेली, ‘अक्रोड फोडलात तरी हलणार नाही’ असं सांगून दिलेली कवळी, संथपणे गिरक्या घेत खाली गेली. अक्रोडाचं मला माहीत नाही. माशाचं तुम्ही बोलला नव्हता, त्यामुळे तक्रार नाही.

मी हात घालणार तोच वाळूतले दगड उलटून खाणं शोधणारा एक धष्टपुष्ट मासा आला. हाही रॅस. या घराण्याने माझा पिच्छाच धरला होता. त्याने कवळी तोंडात धरली, उलटी केली, खाली काही नाही असं पाहून नाराज झाला आणि गड्ड्याच्या कपारीत टाकून गेला. मी बारकीला हाका मारल्या. दात नसताना मारलेल्या हाकेला ती वळली नाही. तिला वाटलं, मी गातो आहे. ती येईपर्यंत एका काळपट, लहानशा, अतिशय तापट माशाने कवळीचा ताबा घेतला होता. बारकीने हात पुढे केला तर त्याने तिच्या बोटाला चावा घेतला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली तेव्हा त्याने कवळी आतून घासूनपुसून लख्ख केली होती आणि त्याच्या बायकोने टाळूवर अंडी घातली होती. तो बाप आता परांनी वारा घालत तिथे खडा पहारा देतो आहे.

मी म्हटलं, हाकला त्याला. बारकी म्हणाली, “बाबा, पिल्लं बाहेर पडेपर्यंत हात लावायचा नाही.” तिच्या वरच्या मोठ्या बाईही आल्या, फोटो काढून गेल्या आणि माझं अभिनंदन करून गेल्या. मी आयुष्यभर पोरांना खाऊ घातलं, पण कुणाच्या पोरांनी माझ्या तोंडात जन्म घ्यावा अशी अपेक्षा नव्हती.

तेव्हापासून मी पेज पितो आणि बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण उपयोग होत नाही. परवा ‘साखर’ म्हणालो तर जावईबापू पाना घेऊन आले. बोलता येत नाही म्हणून लिहितो आहे, आणि लिहायला तुमच्यासारखा वाचणारा दुसरा कोण आहे? बाकी सर्व क्षेम. पाठीला शेक घ्या, वहिनींना नमस्कार सांगा, आणि माझी काळजी करू नका.

आपला,
जिजाजी

ता. क. – काळजी करू नका, पण कवळी करा. माझ्या जबड्याचा साचा तुमच्या फळीवर असेलच. तुम्ही कुणाचा टाकत नाही.

ता. क. – घाई नाही, मात्र लवकर हवी. पुढच्या महिन्यात बारकीच्या कार्यालयात लोकांना बोलावून माशांची माहिती देणार आहेत, आणि सफाईवाल्या माशावर मी बोलावं असं ठरलं आहे. (ठरवलं मीच. पण कुणी नको म्हणालं नाही.) धंद्यातल्या माणसाने सांगितलं की वजन पडतं. रंग जरा आधीपेक्षा पांढरा चालेल. फोटो काढतील.

ता. क. – खाली तुमच्या बहिणीसाठी जागा सोडली आहे. भावाबहिणीचं मी वाचत नाही. पाकीट तीच बंद करेल.

दादा,

मी बरी आहे. ह्यांचं पत्र मी सगळं वाचलं, बरंचसं खरं आहे. फक्त एक गोष्ट ह्यांना माहीत नाही. अंडी फुटून पिल्लं केव्हाच गेली आणि बारकीने कवळी वर आणून माझ्या हातात दिली. अगदी धड होती. कवळी उकळत्या पाण्यात घातली की वाकडी होते आणि पुन्हा बसत नाही, असं तू मला बजावलं होतंस ना? मी ती चांगली उकळली.

रागावू नकोस. पुढच्या महिन्यात लोकांपुढे बोलायचं काम मुळात मोठ्या बाईंनी बारकीला दिलं होतं. ह्यांनी मध्येच ‘मी बोलतो’ म्हटलं आणि ती नेहमीसारखी बरं म्हणाली. आता तोंड बंद असल्यामुळे रोज जेवताना ती बोलते आणि हे ऐकतात. काल एक तास ऐकत होते, पेज गार झाली तरी. मग पाटीवर लिहून तिला विचारलं, ‘पुढे त्या माशाचं काय झालं?’ ती उठून आत गेली, नाक पुसून आली आणि पुढचं सांगायला लागली.

तेव्हा कवळी नीट कर, पांढरीच कर, पण तिचं भाषण होऊन जाऊ दे. तुझी पाठ दुखतेच आहे, तेच ह्यांना कळव.

तुझी,
ताई म्हणायला कुणी नसलेली धाकटी